वडील अंथरुणाला, नोकरी टांगणीला आणि पहाटे तीनची जाग

प्रश्न असा आहे : "मी ४१ वर्षांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अस्पष्ट झालं. ते आमच्याकडेच असतात. त्याच सुमारास कंपनीने माणसं कमी केली आणि दोघांचं काम माझ्या अंगावर आलं. मी घरूनच काम करतो. सकाळी नऊ ते रात्री साडेदहा लॅपटॉप उघडा असतो. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. रडू येत नाही, राग येतो. झोप लागावी म्हणून आठवड्यातल्या चार रात्री दारू घेतो. बाबांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी गोळीही दोनदा घेतली. परवा माझी नऊ वर्षांची मुलगी तिच्या आईला विचारत होती, 'बाबा आज चांगले आहेत का?' सगळे म्हणतात, काम आणि घर यांचा तोल सांभाळ, सुट्टी घे, ध्यान कर. कसं करू ते कुणी सांगत नाही."

आधी गोळीचं बोलते, कारण ते आजच थांबायला हवं. दुसऱ्याला लिहून दिलेली झोपेची गोळी अर्धीसुद्धा घेऊ नका, आणि दारू पोटात असताना तर मुळीच नको. ही औषधं आणि दारू दोन्ही मेंदूचं काम मंद करतात. दोन्ही एकत्र आली की श्वासही मंदावू शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. तुम्ही हे न लपवता लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. आता हेच वाक्य जसंच्या तसं तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि बाबांच्या औषधांचा डबा सध्या पत्नीच्या ताब्यात द्या. दारूमुळे झोप लवकर लागते हे खरं, पण तिचा अंमल उतरायला लागला की उत्तररात्रीची झोप तुटते. म्हणजे ज्या तीनच्या जागेवर उपाय म्हणून तुम्ही पिता, ती जाग पिण्याने वाढतेच आहे. चारच्या दोन रात्री करा, मग एक, मग बंद. पण न घेतलेल्या दिवशी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल किंवा जीव फार घाबरा होत असेल, तर मनाने एकदम बंद करू नका. मग ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

आता मूळ प्रश्न. मी २२ वर्षं समुपदेशन करते आहे. कठीण काळातून जाणारी माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा 'तोल' हा शब्द त्यांना फार छळताना दिसतो. आजारपण, नोकरीची धास्ती, घरातली ओढाताण हे सगळं आहेच. त्यावर 'मला तोल सांभाळता येत नाही' हा आणखी एक ठपका ते स्वतःवर ठेवतात. तुमच्या पत्रातही तो आहे.

या कल्पनेचं मूळ बघा. आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती ही मागणी रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश समाजसुधारकाने १८१७ मध्ये मांडली, तेव्हा त्याच्या मनात गिरणी-कारखान्यातला कामगार होता. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तिथेही गृहीत एकच होतं : काम एका जागी असतं, आणि तिथून माणूस बाहेर पडला की संपतं. तुमच्या कामाला दार नाही, भोंगा नाही. आणि दुसऱ्या पारड्यात ज्याला 'आयुष्य' म्हणायचं, तिथे आज विश्रांती नसून दुसरी पाळी आहे : कूस बदलणं, औषधं, व्यायाम करून घेणं, अंघोळ घालणं. दोन्ही पारड्यांत कामच असेल तर काटा मधोमध आणून तुमच्या हाती काय लागणार? म्हणून पुढचे काही महिने तोलाचा विचार बाजूला ठेवा. मी दुसराच प्रश्न विचारते : दिवसभरात हे ओझं तुम्ही कुठे आणि किती वेळ खाली ठेवता?

बहुतेकांचं उत्तर 'कुठेच नाही' असं येतं, आणि माझ्या अनुभवात माणूस तिथेच मोडतो. आपलं शरीर ताण सोसायला पुरेसं सक्षम आहे. संकट आलं की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, रक्तात साखर येते, आणि संकट टळलं की सगळं पूर्वपदावर येतं. हे पूर्वपदावर येणं रोज झालं, तर जड काळही माणूस निभावून नेतो. झालं नाही, तर मध्यम ताणही त्याला आतून पोखरतो. झाबिने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ कामानंतर माणूस भरून कसा येतो याचा अनेक वर्षं अभ्यास करत आल्या आहेत. शार्लोट फ्रिट्झ यांच्यासोबत २००७ मध्ये त्यांनी अशा चार गोष्टी मांडल्या : कामापासून मनाने सुटणं, शरीर सैलावणं, काहीतरी वेगळं शिकण्यात किंवा जमवण्यात रमणं, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. यातली पहिली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लॅपटॉप बंद करूनही जेवताना डोक्यात उद्याची मीटिंग चालू असेल, तर शरीराच्या हिशेबी तुम्ही अजून कामावरच आहात.

तासांचा मुद्दाही सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक आणि रक्तपुरवठ्याअभावी होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक दिसला. तुमच्या वडिलांना झटका कशामुळे आला याचा अंदाज मी बांधणार नाही. पण त्यांच्या उशाशी बसून तुम्ही स्वतः ५५ तासांच्या पुढे काम करताय, हे मला गंभीर वाटतं. रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? या आठवड्यात मोजून घ्या.

कामाचा दिवस संपवणं ही यातली सर्वांत हातातली गोष्ट आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने बर्लिनमध्ये केलेले आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. मध्येच थांबवलेली कामं माणसांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत राहतात, असं तिला आढळलं. पुढे इतरांनी हे प्रयोग केले तेव्हा स्मरणाचे निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत. पण अर्धवट काम डोक्याला टोचत राहतं, हा अनुभव कोणाला नाही? तुमच्या उपयोगाचं संशोधन २०११ मधलं आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की काम पूर्ण करावं लागत नाही; ते कधी आणि कसं करणार याचा नेमका बेत लिहून काढला तरी मन त्याला बरंचसं सोडून देतं. माझ्या कामात याचा प्रत्यय मला वारंवार येतो.

एका बाईंची वही सांगते. त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून. नोकरी, घरी स्मृतिभ्रंश झालेली आई, आणि रात्री अकरापर्यंत येणारे मेसेज असा त्यांचा दिवस होता. आम्ही ठरवलं, संध्याकाळी साडेसातला दहा मिनिटं. डावीकडे अर्धवट काय राहिलं, मध्ये पुढची पायरी कोणती, उजवीकडे कधी. पहिल्या दिवशी त्यांनी मध्ये 'रिपोर्ट संपवणे' असं लिहून आणलं. मी म्हटलं, ही पायरी नाही, हा अख्खा जिना आहे. मग त्यांनी ते खोडून लिहिलं : 'तिसऱ्या तक्त्यातले दोन आकडे लेखा विभागाला विचारणे, उद्या ९.२०.' हे लिहिल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खांदे खाली आले. त्यांना स्वतःला ते कळलं नाही, मला समोरून दिसलं. घरी त्या वही मिटत, लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावत आणि किल्ली माळ्यावर ठेवत, जिथे स्टुलाशिवाय हात पोचत नाही. रात्री उचकी लागल्यासारखं 'एकदा बघून घेऊ' आलं, तरी स्टूल ओढून आणेपर्यंत ती लाट ओसरायची. मनोनिग्रहावर माझा फार विश्वास नाही. अंतरावर आहे.

तुमच्यासाठी साडेसात जमणार नसेल तर नऊ ठरवा, पण ठरवा. दहा मिनिटं लिहा, लॅपटॉप नजरेआड करा, कपडे बदला आणि दाराबाहेर पडून पंधरा मिनिटं चाला, घरून काम करत असलात तरी. बाहेर कामाला जाणाऱ्याला परतीच्या वाटेवर एक उंबरठा आपोआप मिळतो. तुम्हाला तो मुद्दाम बांधावा लागेल. व्यायामाबद्दल सध्या एवढंच पुरे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि रोजची ही पंधरा मिनिटं तुम्हाला त्याच्या दोन तृतीयांशापर्यंत नेतात.

आता पहाटेचे तीन.

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण ज्याने केली त्याने ही वेळ नक्की अनुभवली असणार. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जाते. उत्तररात्री झोप हलकी असते आणि पहाटेकडे कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढायला लागतं. त्यामुळे त्या सुमाराला जाग येणं हा बिघाड नाही, ती अनेकांना येते आणि ते कूस बदलून पुन्हा झोपतात. तुमच्या बाबतीत जाग येताच मनाला कामाला जुंपलं जातं : नोकरी गेली तर, बाबा पडले तर, हप्ते थकले तर. अंधारात, एकट्याने, शरीर थकलेलं असताना काढलेले हे निष्कर्ष असतात. त्या वेळी आयुष्याबद्दलचा एकही निर्णय खरा मानू नका. तीनला सुचलेली गोष्ट खरोखर महत्त्वाची असेल तर सकाळी दहालाही ती तितकीच महत्त्वाची राहील.

करायचं ते असं. वीसेक मिनिटं झोप लागत नाहीये असं वाटलं की अंथरुणातून उठा. घड्याळ बघू नका, ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. मंद उजेडात खुर्चीत बसा, कंटाळवाणं काही वाचा, पेंग आली की परत जा. पुन्हा जाग आली तर पुन्हा उठा. सकाळची उठण्याची वेळ मात्र रोज तीच, सुट्टीच्या दिवशीही. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही वापरली जाते. कल्पना साधी आहे : तळमळण्याची जागा म्हणून शरीराने अंथरूण ओळखू नये. पहिले चार-पाच दिवस जड जातात, दिवसा डोळे मिटतात. तेव्हा सोडू नका. दुपारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिनचा शरीरातला अंमल निम्मा व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या कपातलं निम्मं कॅफिन दहालाही अंगात असतं.

आणि काळजीला दिवसा वेळ द्या. 'विचार करू नको' हा सल्ला तुम्हाला शंभरदा मिळाला असेल. डॅनिएल वेगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितलं, आणि आला तर घंटी वाजवायला. घंट्या वाजतच राहिल्या. म्हणून दाबू नका, पुढे ढकला. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत, वीस मिनिटं फक्त काळजी करायची, कागदावर. एरवी विचार आला की त्याला सांगायचं, 'सहाला.' सुरुवातीला लोकांना हे बालिश वाटतं, तरी करून पाहा. कागदावर उतरल्यावर काळजीचे दोन ढीग होतात. एकात काहीतरी करता येण्यासारखं असतं : विम्याचे कागद शोधणं, बायोडेटा अद्ययावत करणं, फिजिओथेरपिस्टला फोन. दुसऱ्यात करता येण्यासारखं काहीच नसतं : बाबा पुन्हा पूर्वीसारखे बोलतील का. पहिल्या ढिगातलं एक काम उद्याच्या वहीत जातं. दुसऱ्या ढिगाला आपण पुढे भेटूच.

कामाच्या ठिकाणी बोलण्याची तुम्हाला भीती वाटत असेल, आणि ती अकारण नाही. माणसं काढली जात असताना 'मला झेपत नाही' म्हणणं जोखमीचं असू शकतं, हे मी नाकारणार नाही. म्हणून 'झेपत नाही' म्हणू नका. एका कागदावर तुमच्याकडची सगळी कामं आणि प्रत्येकाला आठवड्याला लागणारे तास लिहा. बेरीज ६८ आली, तर ती ६८ च राहू द्या. मग वरिष्ठांसमोर तो कागद ठेवून म्हणा : "या सगळ्याची बेरीज ६८ तास होते. मी ५० तास नीट काम देऊ शकतो. यातलं आधी कोणतं हवं आणि कोणतं महिनाभर थांबू शकतं, हे तुम्ही सांगा." आणि : "घरी वडील अंथरुणाला आहेत. रात्री नऊनंतर मी फक्त फोनवर असेन, तेही खरोखर अडलं तर." वडिलांचा पूर्ण वैद्यकीय इतिहास किंवा तुमच्या मनाची अवस्था सांगायची गरज नाही. जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने पाठवून द्या.

सगळेच वरिष्ठ ऐकतात असं नाही. काही ठिकाणी उत्तर येतं, 'सगळंच आधी हवं.' तसं झालं तर निदान तुम्हाला कळेल की दोष तुमच्या क्षमतेत नाही, आणि मग नव्या नोकरीचा शोध हळूहळू सुरू करता येईल. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की कामाची मागणी जास्त असली तरी ते कसं करायचं यावर माणसाचा ताबा असेल तर तो तग धरतो. मागणी जास्त आणि ताबा शून्य, हे सर्वांत घातक. म्हणून थोडा का होईना, ताबा कुठे मिळतो ते शोधत राहा : मीटिंगची वेळ, कामाचा क्रम, सकाळचा एक तास फोन बंद.

यासोबत सोडून देण्याच्या गोष्टींची एक यादी करा. कठीण काळात लोक स्वतःवर नव्या चांगल्या सवयी लादतात : ध्यान, डायरी, पहाटेचं उठणं. माझा त्याला विरोध आहे. आभाळच फाटलं असताना प्रत्येक ठिगळ सुबक कसं लागेल? घर आवरलेलं नसेल, समारंभांना जाणं होणार नाही, काही फोन राहून जातील, ऑफिसातलं एखादं काम 'उत्तम' ऐवजी 'चालेल असं' होईल. पत्नीसोबत बसून ठरवा की पुढचे तीन महिने काय काय वाईट झालं तरी चालेल. हे ठरवून केलं की अपराधीपणा येत नाही. न ठरवता निसटलं की प्रत्येक गोष्ट टोचते. आणि त्याच बैठकीत आठवड्याची एक संध्याकाळ तुमची आणि एक तिची, असं लिहून टाका. त्या वेळात बाबांजवळ दुसरं माणूस असेल. भाऊ-बहीण असतील तर त्यांना 'जमेल तसं बघ' म्हणू नका. 'शनिवारी चार ते आठ तू ये' असं म्हणा. मोघम मदतीची विनंती मोघमच राहते.

आता तो दुसरा ढीग. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकात एका वेगळ्या प्रकारच्या दुःखाला नाव दिलं. मराठीत मी त्याला 'संदिग्ध वियोग' म्हणते. माणूस समोर आहे, पण जो आपल्याला ठाऊक होता तो नाही. मृत्यू झाला असता तर लोक भेटायला आले असते, रडायला जागा मिळाली असती. इथे सगळे म्हणतात, 'नशीब, वाचले.' आणि वाचलेच आहेत, याचा आनंदही खरा आहे. पण तुम्हाला सल्ला देणारा, फोनवर दहा मिनिटं बोलणारा तो आवाज गेला आहे. त्याचा शोक तुम्ही केलेला नाही, कारण करण्याची परवानगी आहे असं तुम्हाला वाटलंच नाही. रडू येत नाही आणि राग येतो असं तुम्ही लिहिलंत, ते वाचताना मला हेच वाटत राहिलं. 'बाबा आहेत आणि मला त्यांची आठवणही येते', ही दोन्ही वाक्यं एका वेळी खरी असू शकतात. मोठ्याने म्हणून बघा. पत्नीजवळ म्हणा. त्यांच्या खोलीत दिवसातून एकदा काहीही काम न घेता जा; गोळी नाही, चादर नाही, नुसते दहा मिनिटं शेजारी बसा. काळजीवाहू होता होता मुलगा असणं मागे पडतं, आणि ते परत मिळवावं लागतं. पक्षाघातानंतर बोलणं अस्पष्ट झालं तरी अनेकांना समोरच्याचं कळत असतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलत राहा. वाचा-उपचारतज्ज्ञांना अजून दाखवलं नसेल तर दाखवा.

इतकं सगळं वाचून तुम्हाला हे एकट्याने करायचं आहे असं वाटू नये, म्हणून स्पष्ट सांगते : तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाला भेटावं, असं माझं मत आहे. पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा उदासीच्या रूपात दिसत नाही. ते चिडचिड, संताप, दारू आणि कामात बुडून जाणं या वाटांनी बाहेर येतं, त्यामुळे घरच्यांना तो स्वभाव वाटतो. 'बर्नआउट' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या जागच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून. गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. बर्नआउट आणि नैराश्य यांची सीमा बाहेरून ओळखता येत नाही. दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन खचलेलं असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर तपासणी लांबवू नका. औषध सुचवलं गेलं तर घाबरू नका. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण गुण यायला त्याहून अधिक, आणि बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नसतात.

'मी नसलो तर बरं' असा विचार मनात येऊन गेला असेल, एकदाच का होईना, तर तो आजच पत्नीला सांगा, आणि आजच डॉक्टरांकडे, जवळच्या रुग्णालयात किंवा हेल्पलाइनवर पोचा. त्या रात्री एकटे राहू नका. हा विचार तुमच्या पत्रात नाही. तरी मी प्रत्येकाला विचारते, कारण विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही. उलट ज्याच्या मनात असतो त्याला बोलायला वाट मिळते.

आणि मुलगी. तिचा तो प्रश्न वाचून तुम्हाला काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. पण ती आईला विचारते आहे, म्हणजे घरात काय चाललंय हे तिला कळतंय आणि ती विचारायला घाबरत नाही. मुलांना कारण सांगितलं नाही तर ती स्वतःलाच कारण समजतात. म्हणून तिला सांगा, मोठ्या समारंभाशिवाय, ती चित्र काढत असताना किंवा बूट घालत असताना : "आजोबा आजारी आहेत आणि मला कामही खूप आहे. त्यामुळे मी दमतो आणि कधी कधी तुझ्यावर ओरडतो. ते चुकीचं आहे आणि त्यात तुझा काहीही दोष नाही. मी त्यावर डॉक्टरांची मदत घेतोय." 'पुन्हा कधीच ओरडणार नाही' असं वचन देऊ नका, ते मोडेल. ओरडलात तर तासाभरात जाऊन माफी मागा, कारणं न देता.

नऊ वाजता वही मिटली की त्या पंधरा मिनिटांच्या चालण्याला तिला बरोबर घ्या. रोज नाही जमलं तर दोन दिवस. फोन घरी ठेवा. बोलायला विषय शोधू नका, तिचं तिला सुचेल. नाहीच सुचलं तर नुसते चाला.